घरच्या फ्लाइट सिम्युलेटर पॅनेलला आधी वीज, मग प्रोग्राम

पॅनेलवरचे आकडे मधेच गायब होतात, फ्लॅपचा काटा हलला की बोर्ड रिसेट होतो, बटण दाबलं एक आणि विमानात चाललं दुसरंच. अशा वेळी हात पहिल्यांदा प्रोग्रामकडे जातो आणि दोन-दोन रात्री सेटिंग बदलण्यात जातात. खरं दुखणं बहुतेक वेळा वायरिंगमध्ये असतं: पाच व्होल्ट कमी पडतात, ग्राउंड (वीज परतायची सामाईक ऋण वायर) एकत्र नसतो, नाहीतर पातळ जंपर वायरीतच व्होल्टेज गळतं. म्हणून या लेखात क्रम उलटा ठेवला आहे. आधी कागदावर विजेचा हिशेब, मग जोडणी, मग मीटर, आणि प्रोग्राम सगळ्यात शेवटी.

उदाहरणाला एकच पॅनेल धरू. चाकं आत घेणारं एक इंजिनाचं छोटं विमान आहे. त्याला कॉम रेडिओच्या चालू आणि राखीव फ्रिक्वेन्सीचे दोन डिस्प्ले, दोन फिरती बटणं म्हणजे एन्कोडर, एक अदलाबदलीचं बटण, ऑटोपायलटची सहा बटणं आणि त्यांचे सहा दिवे, चाकांचे तीन हिरवे व एक लाल दिवा, चाकांची दांडी, आठ टॉगल स्विच, फ्लॅपचा काटा फिरवायला एक छोटी मोटर म्हणजे सर्व्हो आणि अक्षरांमागे उजेडाची पट्टी.

पिनांची मोजणी

दोन एन्कोडरना चार पिना, ते दाबता येत असतील तर आणखी दोन. अदलाबदलीला एक, ऑटोपायलटला सहा, दिव्यांना दहा, टॉगलना आठ, दांडीला दोन, दोन्ही डिस्प्लेंना मिळून तीन, सर्व्होला एक, उजेडाला एक. बेरीज ३८. आर्डुइनो मेगा २५६० या प्रोग्राम चढवता येणाऱ्या बोर्डावर ५४ डिजिटल आणि १६ ॲनालॉग पिना आहेत, म्हणजे एका बोर्डात सगळं बसतं आणि पुढच्या हौसेला जागाही उरते. पिन ० आणि १ मोकळ्याच सोडा. यूएसबीचं बोलणं त्यांच्यावरूनच चालतं, तिथे काही जोडलं की प्रोग्राम चढायला अडतो. उजेड कमी-जास्त करायचा आहे, म्हणून त्याच्यासाठी २ ते १३ किंवा ४४ ते ४६ मधली पिन राखून ठेवा. पीडब्ल्यूएम, म्हणजे वीज झपाट्याने चालू-बंद करून उजेड कमी-जास्त करणं, तेवढ्याच पिनांवर मिळतं.

प्रो मायक्रो हा बोर्ड लहान आणि स्वस्त. त्यावरची एटीमेगा ३२यू४ चिप स्वतःच यूएसबी जॉयस्टिक म्हणून ओळख देते, त्यामुळे फक्त बटणं आणि स्विच असतील तर तोच घ्या. आकडे आणि काटे आले की मेगा बरा. रास्पबेरी पाय पिको जोरदार आहे, पण त्याचा सिग्नल ३.३ व्होल्टचा. खाली वापरलेल्या, डिस्प्लेचे आकडे पेटवणाऱ्या मॅक्स ७२१९ चिपला पाच व्होल्टवर चालताना किमान ३.५ व्होल्टचा सिग्नल हवा असतो. पिकोवरून ती कधी चालते, कधी नाही, आणि कारण सापडत नाही. मधे सिग्नल पाच व्होल्टवर नेणारी ७४एचसीटी१२५ चिप टाकली की प्रश्न मिटतो. उलट दिशेने पाच व्होल्ट पिकोच्या पिनेवर कधीच देऊ नका.

विजेचा हिशेब

मेगाची एक पिन आरामात २० मिलिअँप देते. ४० ही चिप जळण्याची हद्द आहे, वापरायचा आकडा नाही. सगळ्या पिना मिळून चिपमधून २०० मिलिअँपच्या वर जाता कामा नये. दिव्यांना ३३० ओहमचा रेझिस्टर लावला तर सुमारे ९ मिलिअँप जातात, ६८० चा लावला तर साडेचार. रात्री अंधाऱ्या खोलीत साडेचारचा दिवाही डोळ्यात जातो, म्हणून ६८० च घ्या. दहा दिवे म्हणजे ४५ मिलिअँप झाले. प्रत्येक दिव्याला स्वतःचा रेझिस्टर हवा. तिघांना मिळून एक लावला की एक दिवा पेटल्यावर बाकीचे मंद होतात.

खरी भूक डिस्प्लेंची. आठ आकड्यांचं मॅक्स ७२१९ मॉड्यूल पूर्ण उजेडात, सगळे आठचे आकडे पेटवून, ३३० मिलिअँपपर्यंत ओढतं. दोन मॉड्यूलचे ६६० झाले. छोटा सर्व्हो मोकळा फिरताना थोडकं घेतो, पण काटा कुठे अडकला की अर्ध्या अँपच्या पुढे जातो. त्याचे ६०० धरा. बोर्डाचे स्वतःचे ८०. एकूण १.४ अँपच्या आसपास.

यूएसबी २ चं पोर्ट देतं ५०० मिलिअँप, यूएसबी ३ चं ९००. मेगावर यूएसबीच्या वाटेत ५०० मिलिअँपचा आपोआप जुळणारा फ्यूजही बसवलेला असतो, त्यामुळे पोर्ट कितीही दमदार असलं तरी बोर्डातून त्याहून जास्त काढता येत नाही. मग काहीजण गोल जॅकमध्ये १२ व्होल्टचा अडॅप्टर लावतात. तिथे गणित करून बघा: १२ मधून ५ गेले, उरलेले ७ व्होल्ट गुणिले अर्धा अँप, म्हणजे साडेतीन वॅट नुसती उष्णता, तीही नखाएवढ्या रेग्युलेटरवर. तो काही मिनिटांत तापून बंद पडतो. मे महिन्यात नाशिकला पारा चाळिशीच्या आसपास असतो, तेव्हा बंद पेटीत तर आणखी लवकर. तो जॅक या कामाचा नाही.

उपाय असा: बोर्ड आणि दिवे यूएसबीवर, डिस्प्ले आणि सर्व्हो वेगळ्या ५ व्होल्ट ५ अँप एसएमपीएसवर (घरच्या २३० व्होल्टचे पाच व्होल्ट करणारी पेटी), उजेडाची पट्टी १२ व्होल्ट १ अँपच्या अडॅप्टरवर. तिघांचा ग्राउंड एकच.

ग्राउंड जोडायचा, पाच व्होल्ट जोडायचे नाहीत

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. एसएमपीएसचा ऋण टोक मेगाच्या जीएनडी पिनेला जोडलाच पाहिजे, नाहीतर सिग्नलला परतीची वाट राहत नाही आणि आकडे वेडेवाकडे पेटतात. पण एसएमपीएसचे पाच व्होल्ट आणि यूएसबीचे पाच व्होल्ट एकमेकांना लावायचे नाहीत. दोन्ही कधीच तंतोतंत सारखे नसतात. जास्त असलेला दुसऱ्यात वीज ढकलतो आणि ती कॉम्प्युटरच्या पोर्टात शिरते.

वायर जाड घ्या. एसएमपीएसपासून पॅनेलपर्यंत ०.७५ चौरस मिलिमीटरची बहुतारी तांब्याची वायर, आणि प्रत्येक मॉड्यूलला स्वतःची लाल-काळी जोडी. पहिल्यातून दुसऱ्यात आणि दुसऱ्यातून सर्व्होत अशी माळ नको. मीटरभर जंपर वायरवर दोन्ही डिस्प्ले लावले, तर जाऊन-येऊन पाव व्होल्टहून जास्त वायरीतच जातो. ०.७५ च्या वायरीत तेवढ्याच करंटला गळती ०.०३ व्होल्ट. माळेच्या शेवटी सर्व्होही असेल तर तो हलताना आकडे लुकलुकतात, ते याच कारणाने. सर्व्होच्या पायांपाशी ४७० ते १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा, ध्रुव तपासून. डिस्प्ले मॉड्यूलपाशी १० मायक्रोफॅरड आणि ०.१ मायक्रोफॅरड असे दोन हवेत. तयार मॉड्यूलवर बहुधा असतात, पण बघून घ्या.

आता २३० व्होल्टबद्दल. पत्र्याच्या जाळीदार एसएमपीएसवर एल, एन आणि अर्थिंगचे स्क्रू उघडे असतात. त्यांच्यावरचं प्लॅस्टिकचं झाकण काढून ठेवू नका. तीन पिनांचीच प्लग वायर वापरा आणि वाटेत १ अँपचा फ्यूज टाका. एसएमपीएस लाकडी पॅनेलच्या मागे ठेवा, आत नको, वरखाली हवा खेळती राहील असा. हे जमत नसेल तर ५ व्होल्टचा बंद अडॅप्टर घ्या, त्यात लाज काही नाही. अर्थिंग नसलेल्या बोर्डावर एसएमपीएसच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या येतात. आतल्या फिल्टरमुळे पत्र्यावर मेनच्या जवळपास निम्मं व्होल्टेज तरंगत असतं. त्यात थोडाच करंट असला तरी यूएसबी केबल लावता क्षणी ठिणगी पडून पोर्ट जाऊ शकतं. जुन्या वाड्यात किंवा जुन्या अपार्टमेंटमध्ये राहत असाल तर अर्थिंग आधी वायरमनकडून तपासून घ्या, पॅनेल नंतर.

उजेडाच्या पट्टीला मेगाची पिन सरळ जोडता येत नाही. अर्धा मीटर साधी पट्टी २.४ वॅट म्हणजे १२ व्होल्टवर ०.२ अँप घेते. मधे आयआरएलझेड४४एन मॉस्फेट टाका, म्हणजे गेट, ड्रेन आणि सोर्स अशा तीन पायांचा इलेक्ट्रॉनिक स्विच: पिनेपासून गेटपर्यंत २२० ओहम, गेटपासून ग्राउंडला १० किलोओहम, पट्टीचा ऋण टोक ड्रेनला, सोर्स ग्राउंडला. दुकानात अनेकदा आयआरएफझेड४४एन हातात देतात. दिसायला जुळा भाऊ, पण त्याला पूर्ण उघडायला गेटवर १० व्होल्ट लागतात. पाच व्होल्टवर तो अर्धवट उघडतो आणि पट्टी मोठी असली की तापतो. नावातलं तिसरं अक्षर ‘एल’ आहे ना, हे काउंटरवरच वाचा.

पॅनेलची पाटी ३ मिलिमीटर ॲक्रिलिकची चांगली. अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतींच्या नाशिक शहरात लेझर कटिंग करून देणारे शोधावे लागत नाहीत. आकृती डीएक्सएफ फाइलमध्ये न्या, आणि स्विचची भोकं कॅटलॉगच्या मापावर न ठेवता हातातला स्विच व्हर्नियरने मोजून ठेवा.

एन्कोडर आणि लूज कॉन्टॅक्ट

एन्कोडरची मधली पिन ग्राउंडला, बाजूच्या दोन मेगाला. बटणं आणि टॉगलही एका बाजूने ग्राउंडलाच. बोर्डाच्या आतले पुल-अप रेझिस्टर (बटण मोकळं असताना पिन पाच व्होल्टवर धरणारे) वापरात येतात, बाहेरून रेझिस्टर लागत नाही. एन्कोडरच्या वायरी अर्ध्या मीटरच्या आत ठेवा आणि सर्व्होच्या वायरीशेजारून नेऊ नका. तरीही आकडे उड्या मारत असतील तर दोन्ही सिग्नल पिनांपासून ग्राउंडला १० नॅनोफॅरडचे कपॅसिटर लावून बघा.

जंपर वायरी टेबलावरच्या चाचणीपुरत्या ठीक. पॅनेलमध्ये त्या कायमच्या सोडल्या, तर जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत टोकांवर गंज धरतो आणि दिवाळीपर्यंत अर्धी बटणं हात लावल्यावरच चालतात. मेगासाठी स्क्रू टर्मिनलची पाटी मिळते, ती घ्या. उरलेल्या ठिकाणी सोल्डर करून वर हीटश्रिंक चढवा. प्रत्येक वायरीला दोन्ही टोकांना एकच क्रमांक चिकटवा. ३८ वायरींच्या जुडग्यात रंग लक्षात राहत नाहीत.

मीटर लावल्याशिवाय यूएसबी लावू नका

सगळं बंद असताना मल्टीमीटर बझरवर ठेवा. पाच व्होल्ट आणि ग्राउंड यांच्यात बझर वाजत राहिला तर शॉर्ट आहे. क्षणभर वाजून थांबला तर तो कपॅसिटर भरत होता, काळजी नको. मग मेगाची पाच व्होल्टची पिन आणि एसएमपीएसचा धन टोक यांच्यात बघा. तिथे सलग बझर वाजता कामा नये. १२ व्होल्टची वायर कुठल्याही सिग्नल पिनेला लागत नाही ना, तेही बघा. एक चुकीचा स्पर्श आणि मेगा गेला.

आता एसएमपीएस एकटा सुरू करून सगळ्यात लांबच्या डिस्प्लेच्या पायांवर व्होल्टेज मोजा. एसएमपीएसवर व्होल्टेज जुळवायचा छोटा स्क्रू असतो, त्याने ५.१ वर आणा. ५.५ च्या पुढे कधीच नको, मॅक्स ७२१९ ची हद्द तिथे संपते. प्रोग्राम चढल्यावर हीच मोजणी सगळे आकडे आठ करून, पूर्ण उजेडात पुन्हा करायची. ४.७५ च्या खाली गेलं तर वायर पातळ आहे किंवा जोड ढिला आहे.

बोर्डात प्रोग्राम चढवणं

हे काम मोबीफ्लाइट या मोफत प्रोग्रामने होतं. एक ओळही कोड लिहावी लागत नाही. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर आणि एक्स-प्लेन दोन्हींशी तो बोलतो. डीसीएस वर्ल्डची लढाऊ विमानं उडवणाऱ्यांनी त्याऐवजी डीसीएस-बायोस बघावं.

आधी केबल. मोबाइलच्या चार्जरबरोबर आलेल्या काही केबलींमध्ये फक्त विजेच्या दोनच वायरी असतात. बोर्डाचा दिवा पेटतो, पण कॉम्प्युटरला काही दिसत नाही. मग विंडोजचा डिव्हाइस मॅनेजर उघडा. स्वस्त मेगावर सीएच३४० ही यूएसबी चिप असते. तिथे पिवळा उद्गार दिसला तर तिचा ड्रायव्हर टाका. पोर्ट क्रमांकासह नाव दिसलं की पुढे चला.

मोबीफ्लाइट सुरू केल्यावर तो नवा बोर्ड ओळखतो आणि फर्मवेअर (बोर्डाच्या आत चालणारा प्रोग्राम) टाकू का असं विचारतो. हो म्हणा. बोर्ड एकच असला तरी त्याला नीट नाव द्या, ‘रेडिओ’ किंवा ‘गिअर’ असं. पुढे चार बोर्ड झाले की ‘मेगा १’ कुठला ते कळत नाही. यानंतर सेटिंग्जमधल्या मॉड्यूल्सच्या पानावर एकेक वस्तू जोडा. डिस्प्लेसाठी एलईडी मॉड्यूल निवडा, मॉड्यूलवर लिहिलेल्या डीआयएन, सीएस आणि सीएलके या तीन सिग्नलच्या पिना द्या आणि मॉड्यूलची संख्या २ ठेवा. पहिल्याच्या डीआउटमधून दुसऱ्याच्या डीआयएनमध्ये वायर गेलेली असली पाहिजे. बटणं, एन्कोडर, दिवे, सर्व्हो याच पानावर. मग अपलोड. ही यादी बोर्डाच्या ईईप्रॉममध्ये, म्हणजे वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत बसते, मेगावर ती ४ किलोबाइट आहे, प्रो मायक्रोवर फक्त १. म्हणून वस्तूंची नावं आखूड ठेवा.

एका वेळी एकच वस्तू जोडून तपासायची सवय लावा. आधी एक दिवा, मग एक बटण, मग पहिला डिस्प्ले. सगळं एकदम अपलोड केलं की चूक कुठे ते शोधता येत नाही.

आता रेडिओ. विमानाच्या बोलण्याचा पट्टा ११८ ते जवळपास १३७ मेगाहर्ट्झचा, तीन दशांशांपर्यंत. म्हणून सहा आकडे. आउटपुटच्या यादीत कॉम १ ची चालू फ्रिक्वेन्सी निवडा. किंमत मेगाहर्ट्झमध्ये, ११८.७ अशी येत असेल, तर ट्रान्सफॉर्मच्या चौकटीत तिला १००० ने गुणा, ती ११८७०० होते. पहिल्या मॉड्यूलवर उजवीकडचे सहा आकडे निवडा आणि टिंब उजवीकडून चौथ्या आकड्याला द्या. राखीव फ्रिक्वेन्सी तशीच, मॉड्यूल क्रमांक २ वर. मग इनपुट: पहिल्या एन्कोडरच्या डाव्या वळणाला पूर्ण मेगाहर्ट्झ कमी, उजव्याला जास्त. दुसऱ्याला अपूर्णांक कमी-जास्त. बटणाला अदलाबदल.

एन्कोडर एका टिकेला दोन पावलं टाकतो, किंवा दोन टिकांना एकच? वायर बदलू नका. एन्कोडरच्या सेटिंगमध्ये त्याचा प्रकार चुकलाय. यादीतला पुढचा प्रकार निवडून अपलोड करा, तीन-चार प्रयत्नांत जुळतो. दिशा उलटी असेल तर दोन सिग्नल पिनांची अदलाबदल करा.

प्रो मायक्रोवर आर्डुइनोच्या प्रोग्रामने जॉयस्टिक लायब्ररी चढवणार असाल तर दोन गोष्टी सांभाळा. बोर्ड ५ व्होल्ट १६ मेगाहर्ट्झचा असताना यादीत ३.३ व्होल्ट ८ मेगाहर्ट्झचा निवडला, तर वेग चुकतो आणि बोर्ड यूएसबीवर दिसेनासाच होतो. तो मेला नाही. रिसेटची पिन ग्राउंडला झटपट दोनदा टेकवा. आठ सेकंद तो नवा प्रोग्राम घ्यायला तयार असतो, तेवढ्यात अपलोड सुरू झालं पाहिजे. दुसरं, टॉगल स्विच जॉयस्टिकवर कायम दाबलेल्या बटणासारखा दिसतो. स्विच बदलला त्या क्षणी सुमारे १०० मिलिसेकंदांचा एकच ठोका पाठवा. चालूसाठी वेगळं बटण, बंदसाठी वेगळं.

सुरू करण्याचा क्रम

मॅक्स ७२१९ ला वीज मिळते तेव्हा ती झोपलेल्या अवस्थेत उठते. सगळे आकडे काळे. बोर्डाने तिला जागं करून सेटिंग द्यावं लागतं, आणि ते काम बोर्ड स्वतः सुरू होताना करतो. म्हणजे यूएसबी आधी लागली आणि एसएमपीएस नंतर, तर बोर्डाचं सांगून झालेलं असतं आणि ऐकणारं कोणी नसतं. डिस्प्ले काळाच राहतो. म्हणून एसएमपीएस आधी, मग यूएसबी, मग मोबीफ्लाइट, मग सिम्युलेटर. उलट क्रमाचा आणखी एक त्रास: एसएमपीएस बंद असताना बोर्डाची वीज सिग्नलच्या वायरीतून चिपमध्ये झिरपते आणि एखाददुसरा आकडा मिणमिणत राहतो. डीआयएन, सीएस, सीएलके या तिन्ही वायरींत ४७० ओहमचा रेझिस्टर टाकला की झिरप आटोक्यात येते.

पावसाळ्याच्या तोंडावर वीज जाते-येते, तेव्हा हेच दुखणं नव्या रूपात येतं. कॉम्प्युटर यूपीएसवर तगतो, पण एसएमपीएस भिंतीच्या सॉकेटवर असतो. दोन सेकंद लाइट गेली, उड्डाण चालूच राहिलं, आकडे मात्र गेले. मोबीफ्लाइट बंद करून यूएसबी काढून पुन्हा लावा, परत येतील. कायमचा इलाज म्हणजे एसएमपीएस त्याच यूपीएसवर घ्यायचा. भार थोडाच आहे.

लांबच्या उड्डाणात अर्ध्या तासाने बोर्ड तुटत असेल तर विंडोज यूएसबी झोपवतोय. पॉवर ऑप्शन्समध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा, आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रत्येक यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमधली खूण काढा.

शेवटची चाचणी घरच्याच धावपट्टीवर घ्या. नाशिकजवळच्या ओझरचा विमान कारखाना १९६४ पासूनचा, आणि तिथला विमानतळ सिम्युलेटरमध्ये व्हीएओझेड (VAOZ) या खुणेने सापडतो. धावपट्टी ०९/२७. २७ वरून उडा, चाकं वर घ्या, हिरवे तिन्ही विझले आणि लाल पेटून विझला ना ते बघा. फ्लॅप पूर्ण खाली सोडून पूर्ण वर घ्या आणि काटा धावत असताना नजर रेडिओच्या आकड्यांवर ठेवा. ते जराही लुकलुकले नाहीत, तर वायरिंग बरोबर आहे. उतरल्यावर लगेच मोबीफ्लाइटची प्रोजेक्ट फाइल आणि बोर्डाची यादी अशा दोन्ही पेन ड्राइव्हवर काढून ठेवा, आणि पिनांचा कागद पॅनेलच्या आतल्या बाजूला चिकटवा.